लवीची उशी

हॅचरीतल्या बायका तिला उशीवाली मावशी म्हणत. खरं तर तिचं काम उशांचं नव्हतंच. तिचं काम बेंब्या बघण्याचं. अंडी उबवायच्या यंत्रातून कोंबडीची पिल्लं बाहेर आली की ती लांबलचक पत्र्याच्या टेबलाशी बसायची, एकेक पिल्लू तळहातावर उताणं करायची आणि त्याच्या पोटावरून अंगठा फिरवायची. बेंबी मिटलेली, कोरडी असली तर पिल्लू खोक्यात. ओली, उघडी, काळी खपली धरलेली असली तर टेबलाखालच्या बादलीत. बादलीकडे ती बघत नसे. इतक्या वर्षांत तिने स्वतःला तशी सवयच लावून घेतली होती. हात बादलीकडे जायचा तेव्हा डोळे पुढच्या पिल्लाकडे वळलेले असायचे.

उशांचं प्रकरण वेगळं. अंड्यातून निघालेलं पिल्लू वाळलं की त्याच्या अंगची लव सुटते. यंत्राचं दार उघडलं की ती पिवळ्या धुरासारखी बाहेर येते, भुवयांवर बसते, चहाच्या कपात तरंगते. झाडणाऱ्यांच्या दृष्टीने तो नुसता केर. मावशीला मात्र पहिल्याच वर्षी वाटलं होतं, की इतकी मऊ वस्तू पोत्यात कोंबून फेकणं बरं नव्हे. ती मूठ मूठ लव वेचून ठेवू लागली. धुतली की लवीचे गोळे होतात, म्हणून धूत नसे. पातळ फडक्यात बांधून छपरावर उन्हात टाकायची, बोटांनी पिंजायची, आणि ओंजळीत मावेल एवढी उशी शिवायची. हॅचरीत कुणाच्याही घरी बाळ जन्मलं की मावशीकडून उशी जायची. साहेबांच्या मुलीलासुद्धा गेली होती. कुणी ठरवलं नव्हतं, पण रीत पडून गेली होती, आणि त्या रीतीची ती मालकीण होती. दुसरं तिच्या मालकीचं होतं तरी काय?

सून बाळंत झाली तेव्हा घरच्या बाळाची उशी केव्हाच तयार होती. तिच्यासाठी तिने निवडून निवडून लव घेतली होती. टरफलाचा कण नाही, काडी नाही. नातवाचं डोकं पहिल्यांदा त्या उशीवर टेकलं, तेव्हा ते त्यात असं बुडालं की तिलाच हसू आलं.

"आई, हा आता उठायचाच नाही," सून म्हणाली होती.

"नको उठू दे. झोपेतच पोर वाढतं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हॅचरीत तपासणीवाली आली. पांढरा कोट, पाठीवर पिशवी, मुलीच्या वयाची. पिल्लांना टोचायच्या लशीत हॅचरीवाले थोडं जंतू मारायचं औषध मिसळत, सर्रास, पिल्लं कमी मरावीत म्हणून. त्यामुळे काय होतंय ते बघायला ती आली होती. तिने यंत्रं पुसून कापसाचे बोळे नळीत भरले, आणि मग बायकांना रांगेत उभं करून त्यांच्या हातांवरून, नाकपुड्यांतून काड्या फिरवल्या.

"नाकात काय शोधतेस गं?" बल्बवालीने विचारलं. ही मावशीची जुनी मैत्रीण. अंधाऱ्या खोलीत बसून बल्बच्या उजेडावर अंडी धरायची, आत जीव आहे की नाही ते सांगायची. तिची जीभ कधी गप्प नसे. "माझ्या नाकात फक्त राग असतो. तो नळीत मावायचा नाही."

सगळ्या हसल्या. तपासणीवालीही हसली. मावशी सगळ्यात मोठ्याने हसली. पुढे किती तरी दिवस तिला ते हसणं आठवत राहिलं, घरातून बाहेर पडताना आपण दिवा तसाच जळत ठेवला, हे मागाहून आठवत राहावं, तसं.

निकाल सांगायला तपासणीवालीने तिला एकटीलाच बाहेर, रिकाम्या ट्रेंच्या थप्पीपाशी नेलं.

"मावशी, तुम्ही आजारी नाही, हे आधी ऐका. पण तुमच्या हातांवर आणि नाकात काही जंतू मिळालेत. साध्या औषधांनी न मरणारे."

"न मरणारे म्हणजे?"

"इथे औषध रोज थोडं थोडं वापरलं जातं ना? कमजोर जंतू मरतात. जे टिकतात त्यांचीच पुढे प्रजा वाढते. मग तेच औषध त्यांच्यापुढे पाणी."

"म्हणजे शेराला सव्वाशेर."

"तसंच समजा. तुमच्या अंगावर ते नुसते राहतायत. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. घरी कुणी खूप म्हातारं आहे का? कुणाला जखम? तान्हं बाळ?"

मावशीने मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाही कळलं नाही. तपासणीवालीला मात्र ते 'नाही' वाटलं असावं. हात नीट धुवा, इथले कपडे घरी नेऊ नका, असं सांगून तिने दुसऱ्या बाईला हाक मारली.

त्या दिवशी टेबलाशी बसल्यावर मावशीला स्वतःचा अंगठा परका वाटला. तोच अंगठा, पिल्लाच्या पोटावर फुंकर घातल्यासारखा फिरणारा. त्याच्यावर कुणीतरी राहत होतं. दिसत नव्हतं, चावत नव्हतं, भाडं देत नव्हतं, आणि मरतही नव्हतं.

घरी तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं तर सून बाळाला उचलून तिच्या आईकडे जाईल, आणि तिचं तरी काय चुकेल? लेकाचं डोकं आधीच गरम. तो म्हणेल, सोड ती नोकरी. नोकरी सुटली म्हणून हात थोडेच बदलणार होते? तिने मनाशी एकच ठरवलं. बाळाला हात लावायचा नाही. बस्स. आपण हात लावला नाही तर त्याला काही होणार नाही. हा विचार तिने कडी लावावी तसा मनाला लावून घेतला.

दोन खोल्यांच्या घरात बाळाला हात न लावणं ही सोपी गोष्ट नव्हती. ती कामावरून आली की आधी मोरीत शिरायची. कपडे धुवायची पावडर, फरशीचं औषध, जे मिळेल त्याने हात घासायची. बोटांच्या पेरांवरची साल निघाली. तिखटाला हात लागला की डोळ्यांत पाणी यायचं. मग ती बाळापासून लांब, दाराशी बसायची आणि तिथूनच त्याच्याशी बोलायची.

"कोण रे तो? कोण बघतंय माझ्याकडे?"

बाळ हातपाय झाडायचं. पहिल्यांदा सुनेला गंमत वाटली. मग ती कोड्यात पडली. मग तिला राग आला.

"आई, याला जरा घ्या, माझं दूध उतू चाललंय."

"माझे हात ओले आहेत गं."

"सारखेच कसे ओले असतात तुमचे हात?"

मावशी उठून गॅस बंद करायला गेली. बाळाला नाही, पण दुधाच्या पातेल्याला तिने हात लावला. सुनेने ते पाहिलं.

संध्याकाळी नवऱ्याशी बोलताना सुनेने आवाज मुद्दामच मोठा ठेवला. "दिवसभर हजारो पिल्लं हातात घेतात. घरचं एक पिल्लू मात्र जड होतं."

"अगं, थकत असेल ती," लेक म्हणाला.

"थकलं माणूस बसतं. लांब जाऊन बसत नाही."

दाराशी बसलेल्या मावशीने हे ऐकलं आणि गिळलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. एक दिवस सुनेने उकाडा होतोय म्हणून बाळाची उशी काढून बाजूला ठेवली. तेव्हा मात्र ती न राहवून बोलली.

"उशी काढू नकोस गं. तेवढी राहू दे त्याच्या डोक्याखाली."

सुनेने तिच्याकडे बघितलं. काय दिसलं कोण जाणे, तिने मुकाट्याने उशी परत ठेवली.

हात नाही तर नाही, उशी तरी. मावशीला खरंच तसं वाटायचं. आपण दाराशी बसलो आहोत, पण आपला चांगला हात, म्हणजे आधीचा हात, तिकडे बाळाच्या डोक्याखाली आहे.

आणि मग बाळाच्या कानामागे फोड आला.

आधी मुगाएवढा. सुनेला वाटलं, घामोळं. दोन दिवसांत तो लाल झाला, भोवतीची कातडी ताणली गेली, आणि बाळ त्या कुशीवर झोपेना. नाक्यावरच्या डॉक्टरांनी गुलाबी औषध दिलं. ते पोटात गेलं, पण फोड तसाच. मग मानेवर दुसरा आला. अंग कोमट लागू लागलं. बाळाचं रडणं बदललं. आधी ते भांडल्यासारखं रडायचं, आता मागितल्यासारखं रडू लागलं.

मावशीचं अन्न तुटलं. कसं शक्य आहे? मी हात लावला नाही. एकदाही नाही. दुधाच्या पातेल्याला लावला होता, पण दूध तर उकळलं. दाराच्या कडीला लावला. नळाला लावला. बादलीला लावला. ती घरभर स्वतःच्या हातांचे ठसे शोधत फिरली आणि जिथे तिथे ओलं फडकं फिरवत राहिली. कुठल्या भिंतीला टेकले होते का मी? नाकातून बाहेर पडतात का ते? ती श्वाससुद्धा बाळाच्या उलट दिशेला तोंड करून घेऊ लागली.

"आई, काय चाललंय तुझं?" लेकाने विचारलं.

"धूळ फार झालीय रे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली ती केवळ पाय सवयीने तिकडे वळतात म्हणून. यंत्राचं दार उघडण्याची वेळ होती. तपासणीवाली पुन्हा आली होती, तोंडाला मुखपट्टी, हातात मोजे. दार उघडलं, पिवळा धूर बाहेर आला, आणि तो खाली बसल्यावर ती पोर यंत्राच्या तळाशी वाकली. तिने चिमट्याने लव उचलली, चिमूट चिमूट, आणि एका स्वच्छ पिशवीत भरली. टरफलाचा कण आला तर बाजूला काढला. अगदी मावशी निवडायची तशी.

मावशी टेबलापासून उठली.

"हे कशाला घेतेस गं?"

"लव? मावशी, यंत्रात काय दडलंय ते हीच सांगते. पाणी पुसलं जातं, ट्रे धुतले जातात. लवीत सगळं धरून राहतं. वाळली तरी कित्येक दिवस. म्हणून तर साफ करताना तोंडाला बांधा म्हणते मी."

"उन्हात ठेवली तर?"

"उन्हाने थोडे मरतील. आत असतात त्यांचं काय?"

टेबलावर मावशीने सोडलेलं पिल्लू उताणं पडून पाय झाडत होतं. तिला ते दिसलं. मग काही दिसलं नाही. ती दाराकडे निघाली. मागून बल्बवालीने ओरडून विचारलं, "अगं, कुठे निघालीस? साहेब बघतील!" तिने वळूनही पाहिलं नाही.

रस्ता नेहमीचा, पण त्या दिवशी तो रबरासारखा ताणला गेला. टायरचं दुकान, शाळेची भिंत, पाण्याची टाकी. ती पळत होती. या वयात पळणारी बाई दिसली की लोक थांबतात, तसे थांबत होते. तिच्या डोक्यात एकच वाक्य गरगरत होतं, तिचं स्वतःचं. तेवढी राहू दे त्याच्या डोक्याखाली.

घरात शिरली ती सरळ बाळापाशी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिने हात धुतले नाहीत. एका हाताने बाळाचं डोकं उचललं, दुसऱ्याने उशी ओढून काढली. बाळाचं डोकं तापलेलं होतं. तळहाताला ते लागलं आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला, तिने कधी न ऐकलेला.

सून मोरीतून धावत आली. "आई! काय करताय?"

"याला उचल. रिक्षा बोलाव. मोठ्या दवाखान्यात न्यायचं. चल."

"अहो पण झालंय काय?"

"वाटेत सांगते."

आणि तिने सांगितलं. रिक्षाच्या खडखडाटात, लेकाला फोन लावून झाल्यावर, उशी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून मांडीवर धरून. हातांवरच्या जंतूंचं, ओल्या हातांच्या बहाण्याचं, लवीचं. सून ऐकत होती. बाळाला तिने छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की मावशीला वाटलं, आता ही माझ्याकडे कधीच बघणार नाही.

सून म्हणाली, "मला वाटलं, माझंच काही चुकलं. म्हणून तुम्ही याला घेत नाही."

मावशीने पिशवीची गाठ आणखी आवळली.

"एवढं मोठं एकटीने कशाला गिळून बसलात?" सुनेचा आवाज फाटला. त्यात राग होता. माफी नव्हती. पण ती सरकून बसली नाही. रिक्षा वळली की दोघींचे खांदे एकमेकींना लागत होते.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फोडातला पू काढून तपासायला पाठवला. उशीची पिशवीही ठेवून घेतली. हॅचरीत पिल्लांना कुठलं औषध देतात, असं विचारलं. मावशीला निळ्या झाकणाची बाटली तेवढी आठवली. तपासणीवालीने दिलेला नंबर लावून तिने फोन डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, परक्या भाषेतलं भांडण बघावं तशी.

"पुवाचा निकाल यायला वेळ लागेल," डॉक्टरीणबाई फोन परत देत म्हणाल्या. "तोवर मी याला वेगळं औषध देते, शिरेतून. नेहमीची औषधं कदाचित दाद द्यायची नाहीत."

"हे लागू पडेल ना?" लेकाने विचारलं. तो कामाच्या कपड्यांतच आला होता.

"पडावं. आज खात्रीने सांगता येणार नाही."

बाळाच्या इवल्याशा हातात सुई गेली. तेव्हा सून बाहेर निघून गेली. लेकही. मावशी थांबली. दवाखान्यातल्या पोरीने तिच्या हातांवर पाणी सोडलं, साबण दिला, मोजे घालायला दिले, आणि म्हणाली, "आजी, डोकं धरा त्याचं. हलू देऊ नका." मावशीने धरलं. रबरी मोज्यातून तिला नातवाची टाळू लागली. तिथे ठोका उडत होता, यंत्रातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या छातीसारखा.

ते ठोके मोजता मोजताच तिला आठवलं.

बल्बवालीची नात. झाडणाऱ्या बाईचा मुलगा. टोचणाऱ्या पोरीची जुळी, त्यांना तर दोन. साहेबांची मुलगी. या वर्षीच्या, गेल्या वर्षीच्या. कुठल्या कुठल्या घरात, कुठल्या कुठल्या डोक्याखाली.

सून परत आल्यावर मावशीने बाळाचं डोकं तिच्या हातात दिलं.

"तू इथे बस. मला जायला हवं."

"आत्ता? कुठे?"

"उशा आणायला."

आधी सुनेच्या लक्षात आलं नाही. मग आलं. तिच्या चेहऱ्यावरचा उरलासुरला रंग उडाला. "जा," ती म्हणाली. "पळत जा."

बल्बवाली तोवर कामावरून घरी पोचली होती. तिची खोली बोळाच्या टोकाला, भर दुपारीही अंधारी. दार उघडंच होतं. मावशी उंबऱ्याच्या बाहेर थांबली.

"ये की आत! दुपारी अशी पळालीस, म्हटलं हिला वेड लागलं. साहेब काय बोलले माहितीये..."

"तुझी नात कुठे आहे?"

"झोपलीय. का गं?"

"माझी उशी परत दे."

बल्बवाली हसली. "आता दिलेलं परत मागतेस? अगं, ती पोरगी त्या उशीशिवाय डोळा मिटत नाही. शाळेत जायला लागली तरी सोडायची नाही, सांगून ठेवते. आमच्या घरात तुझं नाव..." ती थांबली. मावशीच्या हातांत अजून दवाखान्याचे मोजे होते. ते ती काढायला विसरली होती.

उंबऱ्याबाहेरूनच मावशीने सगळं सांगितलं. थोडक्यात, न रडता. बल्बवालीचं तोंड उघडं राहिलं, आणि त्यातून पहिल्यांदाच एकही शब्द आला नाही.

"आधी तिच्या कानामागे बघ," मावशी म्हणाली. "मानेवर बघ. तूच बघ. मी आत येत नाही."

आत कोपऱ्यात पोरगी कुशीवर झोपली होती, गाल उशीत रुतलेला. उशीचं कापड मळलं होतं, एक शिवण उसवली होती, आणि तिथून पिवळी लव बाहेर डोकावत होती. पोरीच्या श्वासाबरोबर ती हलत होती, आत बाहेर, आत बाहेर.

बल्बवाली गुडघ्यांवर बसली. तिने नातीचं डोकं अलगद तळहातावर घेतलं, अंडं घ्यावं तसं. उशी पायाने दूर लोटली. केस बाजूला केले. मग मोबाइलचा उजेड लावून तो कानामागे धरला, आणि आयुष्यभर जशी बघत आली होती तशी, एक डोळा बारीक करून बघू लागली.

मावशी उंबऱ्यावर उभी होती. मोज्यांत तिचे हात घामाने भिजले होते.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

बल्बवालीने उजेड आणखी जवळ नेला.